कानाचा चिमटा आणि तीन मिनिटं

नंदुरबारला कुणी फिरायला जात नाही. ज्यांची तिकडे बदली होते ते जातात आणि ज्यांची सासुरवाडी तिकडे आहे ते जातात. दोघांचे चेहरे परतताना सारखेच असतात. मी दुसऱ्या वर्गातला. तेवीस वर्षं जातोय, आणि जिल्ह्याबद्दल मला विचाराल तर मिरची, तापी आणि सासऱ्यांचा पलंग यापलीकडे काही पाहिलेलं नाही. तरी या जानेवारीतल्या चार दिवसांचं प्रवासवर्णन लिहायला बसलो आहे. जे लिहायचं ते दोन वर्षं पोटात होतं आणि आता लपवून फारसा उपयोग उरलेला नाही.

मी कमी बोलणारा माणूस. गप्प माणसाला लोक खोल समजतात, आणि या गैरसमजावर मी बावन्न वर्षं आरामात काढली. नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात अधीक्षक आहे. मी आत गेलो की सहा-सात माणसं खुर्च्यांतून अर्धवट उठतात, मी मान हलवतो, ती बसतात. दिवसाला एवढं कौतुक मिळालं की माणसाची सवय बिघडते. ही सवय पुढे कामाला येणार आहे.

माझे सासरे, म्हणजे मामा, यांना कंपवात आहे. सात वर्षं झाली. लोकांना वाटतं कंपवात म्हणजे हात थरथरणं. तो तर दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा, की आपण उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे ओघळतं आणि शरीरातल्या नसा हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ताबडतोब कळवतात : साहेब उठले, दाब वाढवा. मामांच्या शरीरात ही खबर आमच्या कार्यालयातल्या टपालाच्या वेगाने जाते. पोहोचेपर्यंत माणूस जमिनीवर.

नाशिकच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी महिन्याच्या बोलीवर एक यंत्र दिलं होतं. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी डबी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला चिमटा. चिमटा कानाच्या भोकाजवळच्या खोबणीत लावायचा. तिथून एक नस थेट हृदयाच्या कारभाराशी जोडलेली असते म्हणे. बारीक विजेने तिला गुदगुल्या करायच्या, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. सुई नाही, कापाकापी नाही. "मी हमी देत नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून अभ्यास चाललेत. कुणाला फरक वाटतो, कुणाला नाही. तुम्ही फक्त आकडे खरे लिहा. पाच मिनिटं झोपवून बीपी, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभ्याचा आकडा टिकला तर एक गोळी कमी करून बघू आणि एकट्याने हिंडू द्यायचं का तेही ठरवू."

माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. "तुम्हीच जा," ती म्हणाली. "बाबा फोनवर तुमचं नाव निघालं की विषय बदलतात. काय झालंय तुमच्यात ते एकदाचं मिटवून या." मी नेहमीप्रमाणे खोल दिसलो आणि बॅग भरली.

नंदुरबार

एसटीबद्दल काही लिहीत नाही. स्टॅण्डवर मेहुणा राजू जीप घेऊन उभा होता. शहराबाहेर पडलो तर दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे मोकळ्या रानात वाळत घातलेली मिरची, नजर जाईल तिथवर लाल. आमच्या साताऱ्याकडे पाहुण्याचं स्वागत हळदीकुंकवाने करतात. इथे मिरचीच्या धुरळ्याने.

"दाजी, काच वर करा. तुम्हले सहन व्हस नही."

मी अधीक्षक असल्याने काच वर केली नाही. पुढची वीस मिनिटं मी शिंकत होतो. रस्त्यात एक बाई मिरच्यांच्या ढिगावर बसून निवांत डबा खात होती. राजू शांतपणे गाडी चालवत म्हणाला, "मी सांगं व्हतं." डोळ्यांतून पाणी काढत मी सासरच्या गावात शिरलो. गाव शहादा आणि प्रकाशाच्या मधलं, केळी-पपई-ऊस असलेलं. बघणाऱ्यांना जावई फारच हळवा वाटला असेल.

राजूने जीप घरासमोर थांबवलीच नाही. वळसा घालून मागे नेली. "इकडून या," म्हणाला आणि मला गोठ्याच्या दाराने आत घेतलं. दोन म्हशी, एक गोऱ्हा, शेणाची पाटी आणि मधून बॅग डोक्यावर धरून चाललेला वर्ग दोनचा अधिकारी.

या दाराचं कारण सांगायला हवं.

साताऱ्याकडे जावई आला की सासरा खाकरतो, "कधी निघालात?" विचारतो, संपलं. या घरात तसं नाही. जावई उंबऱ्यात आला की घरातला सर्वांत मोठा माणूस उठून उभा राहतो, पुढे येऊन त्याच्या हातातली पिशवी घेतो आणि पाय धुवायला स्वतः पाणी देतो. लग्नानंतर पहिल्यांदा मामा उठले तेव्हा मला लाज वाटली होती. दुसऱ्यांदा बरं वाटलं. तिसऱ्या खेपेपासून मी उंबऱ्यात थोडा थांबायला लागलो. परक्या गावचा रिवाज आपल्या सोयीचा असला की माणूस तो फार लवकर शिकतो.

तीन वर्षांपूर्वीच्या एका खेपेला मामा उठले नाहीत. पलंगावर बसूनच हसले, हात जोडले. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. मग पुढच्या आखाजीच्या आधी, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेच्या आधी, मी मामांना फोन केला. मुद्दाम कार्यालयातून, दार लावून. म्हणालो, "मामा, तुमच्या गावात जावयाचा मान ठेवतात असं ऐकलं होतं. आता तुम्हाला उठवत नसेल तर तसं सांगा, सुनंदाला एकटीला पाठवतो. कायमची." शेवटचा शब्द मी विचार करून वापरला होता. पलीकडून मामांचा बारीक, घोगरा आवाज आला. "या. मी उठसू."

ते उठले. मी उंबऱ्यात थांबलो होतो, दोन पावलं पुढे गेलो असतो तर हाताला आले असते. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा होताना मी पाहिला, आणि तरी पाऊल उचललं नाही, कारण पिशवी त्यांनी येऊन घ्यायची होती. ते पडले. खुबा मोडला.

सगळे म्हणाले, रोगाने पडले. मीही म्हणालो. दवाखान्यात मी इतकी धावपळ केली की गावात जावयाचं नाव झालं. मामांनी फोनबद्दल कुणाला सांगितलं नाही, मी तर गप्प राहण्यात तरबेजच. तेव्हापासून घरच्यांनी नियम केला : जावई येईल तो गोठ्यातून. मामांना दिसेल तेव्हा आधीच खाटेवर बसलेला दिसेल. म्हणजे त्यांना उठायला नको.

गाव, पहिले दोन दिवस

तरी जीपचा आवाज त्यांनी ओळखलाच. आतून पलंग करकरला.

"बसा, बसा!" मामी, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "जवाई नही, दूधवाला शे."

"दूधवाला शिंकस का इतला?" मामा म्हणाले.

मी पटकन जाऊन समोरच्या खाटेवर बसलो. मामा खूप वाळले होते. पलंगाचे उशाकडचे पाय दोन-दोन विटांवर चढवलेले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. चेहरा या रोगात हलत नाही, त्यामुळे ते रागावलेत की हसताहेत हे डोळ्यांवरून ओळखावं लागतं. डोळ्यांकडे मी दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मामांसाठी तांब्याभर खारट ताक. देशभरातल्या बीपीवाल्यांना मीठ सोडायला सांगतात, मामांना वाढवायला सांगितलंय. मामी हा आदेश अशा निष्ठेने पाळतात की ते ताक पिऊन मला समुद्राची आठवण झाली.

संध्याकाळी यंत्र लावण्याआधीचे आकडे घेतले. झोपून वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस. मग मी म्हणालो, "मामा, उठा."

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि माझाच हात कापायला लागला. बीपीच्या यंत्राचा पट्टा नीट गुंडाळता येईना. मामा दंडाकडे पाहत म्हणाले, "जवाईबापू, हात मन्हा कापस का तुम्हना?"

तीन मिनिटांनी आकडा शहाण्णव. राजूने आणि मी दोन्हीकडून धरून खाली बसवलं. मग डॉक्टरांनी दिलेला कागद मी वाचून दाखवला : एरवी उठताना चक्कर वाटली तर मांड्या घट्ट आवळा, पायांची बोटं जमिनीत रुतवा, दाब थोडा वेळ टिकतो. मोजताना मात्र अंग सैल ठेवा, नाहीतर आकडा खोटा येईल. मामांनी हे फार लक्षपूर्वक ऐकलं. इतकं लक्षपूर्वक की मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा लावला. गाव बघायला आलं. मामा पलंगावर पडलेले, कानाला वायर, दारात सात-आठ चपला.

"कसं लागस, दादा?" शेजारचे भिका आप्पा.

"कानमा मुंगया चाली ऱ्हायन्यात."

"मन्हा गुडघाले लाई दखू का थोडासा?"

"गुडघाले कान शे का तुन्हा?" मामी म्हणाल्या.

अर्ध्या तासाने मोजलं. उभ्याचा आकडा एकशे सव्वीस. राजूने टाळी वाजवली. संध्याकाळी एकशे तीस. भिका आप्पा घरोघर सांगून आले की जावयाने नाशिकहून हृदयाचा रिमोट आणलाय. लोक मला ओट्यावर चहाला बोलवायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे चौतीस. मी आकडे वहीत लिहिले आणि मनात म्हटलं, चला. खुबा मोडला तो मोडला, पण बरं करणाराही मीच. असा हिशेब परमेश्वरालासुद्धा पटेल. सांगायची गरजच काय?

अशी सुटका पाहून मी त्या सकाळी चार भाकऱ्या खाल्ल्या.

प्रकाशा

मामांची एकच इच्छा होती. दर सोमवारी ते प्रकाशाला तापीवर जात, एकटे, पायऱ्या उतरून पाण्याला हात लावून येत. पडल्यापासून बंद. "आते मशीन शे," ते म्हणाले. "डॉक्टरले फोन करा. सोमवारपाइन मी एकला जासू." मी म्हटलं, आज आधी सगळे मिळून जाऊ, डॉक्टरांना संध्याकाळी आकडे पाठवतो.

तापी थंडीत सुस्त आणि रुंद असते. देवळांपुढे तुरळक माणसं, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी. एक म्हातारी पाण्यात दिवा सोडत होती आणि मोबाइलवर कुणाला तरी रागावत होती, दोन्ही एकाच वेळी. मामांना आम्ही वरच्या पायरीवर बसवलं, मामी शेजारी, राजू गाडी लावायला गेला. मी चहा आणायला खाली पाण्याजवळच्या टपरीवर गेलो.

घाटाला गोठ्याचं दार नसतं. दोन्ही हातांत दोन-दोन ग्लास घेऊन मी समोरून परत आलो. दोन वर्षांत पहिल्यांदा समोरून. मामांनी मला पाहिलं आणि ते उठले.

त्या वेळी मला ते दिसलं. मी दहा पावलांवर होतो, आणि खालच्या पायरीवर असल्याने त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. धोतराखाली मांड्या दगडासारख्या आवळलेल्या, थडथड उडत होत्या. पायाची बोटं पायरीच्या कडेला पक्ष्यासारखी रुतलेली. दात आवळलेले, कपाळावर घाम. हेच ते एकशे सव्वीस, एकशे तीस, एकशे चौतीस. चिमट्याने किती केलं ते देव जाणे, पण मी "मामा, उठा" म्हणालो की ते परीक्षेला बसत होते. ते माझ्यापुढे बीपी देत नव्हते, मान देत होते. मी गेल्यावर पाय सैल पडतील, एक गोळी कमी झालेली असेल आणि सोमवारी हा माणूस एकटा या पायऱ्या उतरेल.

त्यांचा चेहरा पांढरा व्हायला लागला. या वेळी मी थांबलो नाही. चहा कुठे गेला ते माझ्या शर्टाने सांगितलं. मी त्यांना कमरेला धरलं, माझा पाय घसरला आणि आम्ही दोघंही ओल्या पायरीवर बसलो. मामी ओरडल्या. राजू धावत आला. मामांना काही लागलं नव्हतं. माझी पँट खालून भिजलेली, शर्ट वरून भाजलेला.

"मांड्या आवळून उभे राहता ना मोजताना?" मी विचारलं.

मामा नदीकडे पाहत म्हणाले, "आकडा बरा उना पाहिजे ना. तुम्ही इतलं लांबून उनात."

तेव्हा मी सांगितलं. मामी आणि राजू दोघांच्या समोर, एका दमात. कार्यालयाचं लावलेलं दार, फोन, 'कायमची' हा शब्द. उंबऱ्यात थांबलो होतो ते. चेहरा पांढरा होताना दिसला होता ते. माझं बोलून झालं तेव्हा मी कुणाकडे बघत नव्हतो, भिजलेल्या चपलेकडे बघत होतो. मला वाटलं आता घाट हादरेल.

मामींनी पदराने मामांचं कपाळ पुसलं.

"आम्हले माहीत शे," त्या म्हणाल्या.

"मामांनी सांगितलं?"

"तेस्नी कसाले सांगाले पाहिजे? तेस्ना हातमा फोन ऱ्हास का, थरथर थरथर? ह्या घरमा दोन वरीसपाइन नही, सात वरीसपाइन फोन स्पीकरवरच शे. तुम्हनं समदं बोलनं घरनी ऐकं."

"मी गोठामा व्हतू," राजू म्हणाला. "तठे बी ऐकू उनं, दाजी. तुम्हना आवाज भारी शे."

मी आयुष्यात फार कमी बोललो. जे बोललो ते म्हशींपर्यंत पोहोचलं होतं.

दोन वर्षं हे लोक मला पुरणपोळी वाढत होते. दवाखान्यातली माझी धावपळ पाहून "जवाईनी लई केलं" असं गावात सांगत होते. ज्या घरापासून मी गोष्ट लपवत होतो ते घरच माझ्यापासून ती लपवत होतं. माझं गुपित सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं, मला लाज वाटू नये म्हणून.

"मग सुनंदालाही?"

"सुनीले कोनी सांगं नही," मामी म्हणाल्या. "तिले तुम्हनासंगे ऱ्हानं शे."

मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता, त्यामुळे ते थोपटताहेत की नुसता ठेवलाय ते कळेना.

"एक सांगू का, जवाईबापू," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "मी त्या दिनले तुम्हनासाठे उठनू नही. मन्हा आंडेरसाठे उठनू. आनि ह्या तीन दिन बी." आंडेर म्हणजे लेक. "तुम्ही खुश तं ती खुश."

मला वाटत होतं मी मान मागितला आणि त्यांनी दिला. मुळात तो मला मिळालाच नव्हता.

परत

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं. या वेळी मी समोर बसलो नाही. बीपीचं यंत्र राजूच्या हातात दिलं आणि मी गोठ्यात जाऊन म्हशींच्यात उभा राहिलो. तिथून सगळं ऐकू येतं हे आता माहीत होतंच. आधी अर्धा तास चिमटा, मग पाच मिनिटं शांतता, मग राजूचा आवाज : "बाबा, पाय ढिल्ला सोडा. दाजी आठे नहीत. कोनी बी नही." मग तीन मिनिटं. गोऱ्ह्याने तेवढ्यात माझी बाही चावायला घेतली.

एकशे दोन.

पहिल्या दिवसापेक्षा सहाने जास्त. ते चिमट्यामुळे, मामींच्या समुद्रामुळे, की कुणी बघत नसल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांना मी सगळे आकडे कळवले आणि मधल्या तीन आकड्यांपुढे लिहिलं : 'खोटे. कारण जावई.' त्यांचा फोन आला. ते हसले नाहीत. म्हणाले, गोळ्या तशाच चालू ठेवा, चिमटा महिनाभर लावा, एकट्याने नदीवर नाही. मामांना हे राजूने सांगितलं. त्यांचा चेहरा हललाच नाही, पण डोळ्यांकडे मी या वेळी पाहिलं. वाईट वाटलं होतं. दर सोमवारी राजू त्यांना घेऊन जाईल असं ठरलं. ही काही भरपाई नाही.

निघताना मी पुढच्या दाराने निघालो. मामा पलंगावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात पलंगाच्या कडेवर टेकवले, सवयीने. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर घेतले. उठले नाहीत. "या," बसूनच म्हणाले. तेवीस वर्षांत मला या घरात मिळालेला पहिला खरा निरोप.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. मी न सांगता काच वर केली. राजू हसला.

नाशिकला दुपारी पोहोचलो. सुनंदा नुकतीच शाळेतून आली होती, पर्स अजून खांद्यावर. "बाबा कसे आहेत? मिटलं का तुमचं?" विचारत ती माझी बॅग घ्यायला पुढे आली.

मी बॅग दिली नाही. म्हटलं, तू बस.

ती खुर्चीत बसली. मी बसलो नाही. तिच्यासमोर उभा राहिलो आणि फोनपासून सुरुवात केली. मध्ये एकदा वाटलं की पाय गळताहेत. मांड्या आवळायच्या नाहीत असं ठरवलं होतं. ती बस म्हणाली नाही. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती.